पुलाचे डिजिटल जुळे पुराच्या रात्री काय सांगेल?

प्रश्न : २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस वाहून गेल्या. आता पुलांची ‘डिजिटल जुळी’ तयार होतात, असे वाचले. ही केवळ संगणकावरील चित्रे असतात, की त्यांच्यामुळे अशी दुर्घटना आधी कळू शकते? (एक वाचक, रायगड)

उत्तर : नुसत्या त्रिमितीय चित्राला जुळे म्हणत नाहीत. प्रत्यक्ष पुलावर बसवलेल्या सेन्सरांची मोजमापे त्याच्या संगणकावरील गणिती प्रारूपाला (मॉडेलला) सतत मिळत राहिली आणि त्यांनुसार ते सुधारले गेले, तरच ते जुळे ठरते. आम्स्टरडॅममध्ये २०२१ साली खुल्या झालेल्या, त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या पोलादी पादचारी पुलासाठी असे जुळे तयार केले होते.

नुसत्या मोजमापांनी भागत नाही, कारण पूल एरवीही हलत असतो. १०० मीटर लांबीचा काँक्रीटचा पूल तापमान २० अंशांनी वाढले की सुमारे २ सेंटीमीटर लांबतो, म्हणून दुपारी सांध्याची फट अरुंद होणे हा दोष नव्हे. उलट कडक उन्हातही ती नेहमीइतकी मिटली नाही, तर बेअरिंग, म्हणजे पुलाचा वरचा भाग ज्यावर टेकून सरकतो तो आधार, अडकल्याची शंका घ्यावी लागते. हे ‘नेहमीइतकी’ म्हणजे नेमके किती, ते जुळे सांगते.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मात्र पाण्याखाली आहे. पुराचा लोंढा खांबावर आदळून खाली वळतो आणि पायाभोवतीची माती उपसतो. हा खड्डा पूर ऐन भरात असताना सर्वांत खोल असतो. पाणी ओसरताना त्यात पुन्हा गाळ भरतो. त्यामुळे चार दिवसांनी पाहणीस गेलेल्या अभियंत्याला तळ जवळजवळ पूर्ववत दिसतो, पण त्या भुसभुशीत गाळाचा पायाला पूर्वीसारखा आधार नसतो. तळाची खोली ध्वनिलहरींनी मोजणारे यंत्र आणि खांबाचा कल व कंपने टिपणारे सेन्सर त्याच रात्री चालू असले, तर आधार किती गेला याचा अंदाज जुळे तेव्हाच देऊ शकते.

सावित्रीवरचा पूल यामुळे वाचला असता, असे मी म्हणणार नाही. जुन्या दगडी कमानींच्या पोटातील भरावाची स्थिती बाहेरून कळत नाही, त्यामुळे त्यांचे प्रारूप पोलादी पुलाइतके भरवशाचे होत नाही. माणसे वाचवणे मात्र शक्य कोटीतले आहे. त्यासाठी कोणत्या आकड्याला पूल बंद करायचा हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे आणि तो आकडा गाठताच, वरिष्ठांच्या फोनची वाट न पाहता, दोन्ही टोकांची फाटके पडावीत.