'अवघा रंग' आवडतं, पण किशोरीताईंचा भूप दहा मिनिटांत बंद करावासा वाटतो. ऐकायचा कसा?

तुमची तक्रार अशी की 'अवघा रंग एक झाला'वर जीव जडला म्हणून किशोरी आमोणकरांचा भूप आणि बागेश्री या दोन रागांचा अल्बम लावला, पण बाई जागच्या हलतच नाहीत. त्या हलत नाहीत हे खरंच आहे. आपल्या गोव्यात बहुतेकांचा कान नाट्यगीतावर तयार झालेला, तिथे चार मिनिटांत मुखडा, तान, टाळी सगळं उरकतं. त्या हिशेबाने विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं रागाचं गाणं, ऐकला तर कंटाळा येणारच.

सुरुवात उलटीकडून करा. आधी त्याच भूपातली 'सहेला रे' ही द्रुत, म्हणजे जलद लयीची, बंदिश दोन-तीन दिवस रोज ऐका. ती त्यांचीच रचना. गंमत म्हणजे शब्दांत सात सुरांचे भेद सांगायची भाषा आणि रागात सूर पाचच: सा रे ग प ध. मध्यम (म) आणि निषाद (नी) भूपात नाहीतच. चाल तोंडात बसली की मग 'प्रथम सुर साधे' हा भूपाचा विलंबित ख्याल लावा.

आता फक्त गंधारावर (ग) लक्ष ठेवा. तो या रागाचा वादी, म्हणजे मुख्य सूर. ताई त्याच्यावर थेट जाऊन बसत नाहीत. कधी रिषभावरून (रे) हळूच चढतात, कधी पंचमावरून (प) मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, उतरतात, आणि दर वेळी तो थोडा वेगळा लागतो. 'काहीच घडत नाही' असं वाटतं तेव्हा नेमकं हेच घडत असतं. धैवतावर (ध) मुक्काम वाढला तर याच पाच सुरांचा देसकार राग डोकावू लागतो, म्हणून त्या धैवताला जपून हात लावतात.

सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकत असेल तर डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग, ऐका. तीनतालाच्या सोळा मात्रांत दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याची आस (घुमारा) बंद असते, चौदाव्या 'धिं'ला ती परत येते, तिच्यानंतरच्या तिसऱ्या मात्रेला सम. मोबाइलच्या स्पीकरवर नेमका हा डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्जच गायब होतो, आणि मग गाणं अधांतरी वाटतं. अर्ध्याअधिक लोकांचा भूप इथेच बिघडतो, असं माझं मत. साधे तारवाले इअरफोन चालतील. आवाज मध्यम ठेवा. रात्रीच्या पहिल्या प्रहरी, पंखा बंद करून. पावसाळ्यात पत्र्याखाली बसून मात्र नको!

ताईंच्या विक्षिप्तपणाबद्दल ऐकलं असेल, तर ती कीर्ती खरीच. मैफलीत गडबड झाली तर त्या गाणं थांबवत. पण त्यांचा हट्टीपणा गाण्यातही आहे. ताईंच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर सांग्याच्या कुर्डीच्या. साळावली धरणात बुडालेलं ते गाव मे महिन्यात वर येतं. मोगूबाईंची तालीम अल्लादियाखाँसाहेबांकडची, जयपूर घराण्याची, म्हणजे लयीला घट्ट धरून चालणारी. ताईंनी त्यात संथ, भावाच्या मागे जाणारी आलापी आणली आणि घराण्याच्या कर्मठांनी नाकं मुरडली. हा फरक कळायला याच घराण्याच्या, केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी 'जात कहाँ हो' ऐका, 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली तीच. साडेतीन मिनिटांत सगळं ठाशीव, कुठे रेंगाळणं नाही. मग परत भूपाकडे या, संथपणा आळसाचा नाही हे आपोआप कळेल.

मैफलींच्या ध्वनिमुद्रणांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. ती लांब असतात, वाद्यांच्या जुळवाजुळवीत वेळ जातो, आणि रंग कधी भरेल याचा नेम नाही.

आणि भूप संपला की लगेच बागेश्री लावू नका. तिथे गंधार-निषाद कोमल, म्हणजे शुद्ध सुरांपेक्षा जरा खालचे. भूपाचा शुद्ध गंधार कानात घोळत असताना तो कोमल गंधार सुरुवातीला नुसता उतरलेला, बेसूर वाटतो. मध्ये एक रात्र जाऊ द्या.