वाचकांचे प्रश्न : फोन असताना वेगळा गेम कन्सोल कशाला?

प्रश्न : दहा-बारा वर्षांपूर्वी, स्मार्टफोन आणि टॅब्लेटमुळे हातात धरून खेळायचे गेम कन्सोल लवकरच नामशेष होणार, असे जिथे-तिथे वाचायला मिळत असे. तरीही निन्टेंडोचा स्विच धडाक्यात खपला. मग ते भाकीत चुकले कुठे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भाकीत निम्मे खरे ठरले. निन्टेंडोच्या डीएस या कन्सोलचे जगभरात १५ कोटी ४० लाख नग विकले गेले होते. त्याच्यानंतर आलेल्या थ्रीडीएसची मजल मात्र सुमारे ७ कोटी ६० लाखांपर्यंतच गेली. डीएसवर बुद्धीला चालना देणारी कोडी सोडवणारी आणि पडद्यावरचे कुत्र्याचे पिल्लू सांभाळणारी जी मंडळी होती, त्यांना एरवी गेमचे फारसे वेड नव्हते. २००८ साली ॲपलचे ॲप स्टोअर आणि २०१० साली आयपॅड आल्यावर हा विरंगुळा त्यांना खिशातल्या फोनवर एका डॉलरमध्ये, पुढे तर फुकटच, मिळू लागला आणि त्यांनी कन्सोलकडे पाठ फिरवली.

त्याचा फटका लगेच जाणवला. चष्म्याविना त्रिमितीय चित्र दाखवणारा थ्रीडीएस फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात २५,००० येनला आला, पण खप इतका मंदावला की ऑगस्टमध्येच त्याची किंमत १५,००० येनवर आणावी लागली. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्म्यावर आणले आणि जुन्या दराने कन्सोल घेतलेल्यांची समजूत काढण्यासाठी वीस जुने गेम मोफत देण्यात आले. वर्षअखेरीस मारिओचे दोन नवे गेम आले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

सोनीच्या व्हीटाचा पराभवही सर्रास फोनच्या खात्यावर टाकला जातो, जे मला फारसे पटत नाही. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या या देखण्या कन्सोलमध्ये बाजारातले साधे मेमरी कार्ड चालतच नसे. सोनीचेच खास कार्ड घ्यावे लागे आणि अमेरिकेत अडीचशे डॉलरच्या कन्सोलसाठी ३२ जीबीचे कार्ड सुरुवातीला शंभर डॉलरला पडे. शिवाय ज्या ‘मॉन्स्टर हंटर’ने जपानात सोनीचा आधीचा पीएसपी खपवला होता, तो गेम थ्रीडीएसच्या गोटात गेला होता.

भाकीत करणारे चुकले ते ग्राहकाच्या सवयीबाबत. फोनवर खेळणारा माणूस गेमसाठी आधी पैसे मोजायला सहसा तयार होत नाही, याचा अनुभव खुद्द निन्टेंडोनेच घेतला. डिसेंबर २०१६ मध्ये आयफोनवर आलेला ‘सुपर मारिओ रन’ कोट्यवधी लोकांनी उतरवून घेतला, परंतु पूर्ण गेमसाठी दहा डॉलर देण्याची वेळ येताच बहुतेकांनी हात आखडता घेतला. काही महिन्यांतच, मार्च २०१७ मध्ये, स्विच बाजारात आला आणि त्यावरच्या साठ-साठ डॉलरच्या गेमवर लोकांच्या उड्या पडल्या. अर्थात स्विच टीव्हीलाही जोडता येतो. केवळ हातात धरायच्या थ्रीडीएसचे उत्पादन २०२० साली थांबले आणि त्याला वारस मिळाला नाही, एवढे श्रेय भाकीत करणाऱ्यांना द्यायलाच हवे.

प्रश्न : नववीतला मुलगा स्विचसाठी हट्ट धरून बसला आहे. घरच्या टॅब्लेटला ब्लूटूथ कंट्रोलर जोडून भागणार नाही का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : त्याला नेमका कोणता गेम खेळायचा आहे, हे आधी विचारा. ‘माइनक्राफ्ट’ असेल, तर टॅब्लेट आणि कंट्रोलर पुरेसे आहेत. काचेवर बोटे फिरवताना अंगठ्यांखाली निम्मा पडदा झाकला जातो आणि कळ दाबली गेली की नाही हे नजर वळवल्याशिवाय कळत नाही. या दोन्ही अडचणी कंट्रोलरमुळे दूर होतात. मात्र ‘झेल्डा’ किंवा मारिओचे मोठे गेम हवे असतील, तर ते टॅब्लेटवर मिळत नाहीत. निन्टेंडो आपला माल भारतात अधिकृतपणे विकत नसल्याने स्विच आयात केलेलाच घ्यावा लागतो. म्हणून दुरुस्तीची हमी कोण देणार आणि किती काळ, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. गेम शक्यतो कार्डावरचे घ्यावेत, कारण खेळून झालेले कार्ड पुन्हा विकता येते. डाउनलोड केलेला गेम तसा विकता येत नाही.