गाण्यांची सीडी वाजते, पण लग्नाची डीव्हीडी लॅपटॉपवर चालत नाही. ड्राइव्ह गेला का?

एवढ्यात नवा ड्राइव्ह घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की डीव्हीडी टाकली की नुसती घरघर होते आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या. म्हणून सीडी वाजली तरी डीव्हीडी चालेलच असं नाही. शिवाय डीव्हीडीवरच्या खुणा फार बारीक आणि दाट असतात. ड्राइव्हमधल्या लेझरच्या भिंगावर जरा धूळ असली तर सीडी निभावून नेते, डीव्हीडी अडते.

आधी दुसरी एखादी डीव्हीडी लावून बघा. ती दिसली, तर लग्नाची डिस्क माय कॉम्प्युटरमधून उघडा. आत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असेल, तर ड्राइव्ह वाचतोय, अडचण प्लेअरची आहे. विंडोज ८ पासून मीडिया प्लेअरमधून डीव्हीडीची सोय काढलीय. व्हीएलसी नावाचा प्लेअर टाका, फुकट आहे. डिस्क कोरी दाखवत असेल, तर शूटिंगवाल्याने ती फायनलाइज केली नसेल, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर डिस्क इतर ड्राइव्हवर वाचता यावी म्हणून करायची शेवटची पायरी राहिली असेल. त्याच्याकडे जुना रेकॉर्डर असेल तर अजूनही करून मिळेल.

दुसरी डीव्हीडीही चालली नाही, तर भिंगच बघा. मी सोलापुरात पूर्व भागात राहतो, आमच्या खाली टॉवेलचे यंत्रमाग आहेत. कापसाचे तंतू कपाटातल्या बंद डब्यातसुद्धा सापडतात. माझ्या ड्राइव्हचं नेमकं तेच झालं होतं. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये भिंग ट्रेवरच असतं. ट्रे ओढला की हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान, निळसर चकाकणारं टिपूस दिसतं. त्यावर पांढरा तंतू आडवा पडला होता. लॅपटॉप बंद करा, ब्लोअरने हलकी हवा मारा. तेवढ्याने भागलं नाही तर कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपाइल अल्कोहोल जेमतेम लावून टेकवा. दाबू नका, भिंग केसासारख्या तारांवर तरंगत असतं. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको.

डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा सलग माहिती खाऊन टाकतो.

आता माझ्या जिवाला लागलेली गोष्ट. बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने विटतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो, आणि ताईच्या लग्नाची डिस्क पत्र्याखालच्या खोलीत पडून होती. त्यात हळदीला आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. शेवटची एक फाइल वाचलीच नाही, ओव्या मात्र वाचल्या. म्हणून डिस्क एकदा उघडली की बघत बसू नका, आधी सगळा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. एखाद्या फाइलपाशी कॉपी अडकली तर ती सोडून पुढच्या फाइली घ्या, आणि राहिलेली दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा. एका ड्राइव्हला न वाचलेला भाग दुसऱ्याला कधी कधी वाचता येतो.