दाराशी थांबून विचार

प्रिय पोरी,

तुझी मेल वाचली, सोबतचा तक्रारीचा मसुदाही वाचला. तुला ड्युटीला पोचायला दुसऱ्या कंपनीच्या विमानातल्या जंपसीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा सीटवर, बसायचं होतं. गेटवरच्या एजंटने कॅसमध्ये, म्हणजे वैमानिक खरंच नोकरीत आहे का हे तपासणाऱ्या सिस्टीममध्ये, तुझा नंबर टाकला, स्क्रीनवर तुझा फोटो आला, मंजुरी मिळाली, आणि तरी कॅप्टन म्हणाला, आज नाही. सिस्टीमने पास केलेल्या वैमानिकाला तो नाही कसं म्हणू शकतो, असं तू विचारतेस. म्हणू शकतो. आपल्या कॉकपिटमध्ये कोण बसणार याचा शेवटचा शब्द त्याचाच असतो, आणि तू हे शिकलेली आहेस, परीक्षेत लिहिलेलं आहेस. म्हणून ते पुन्हा समजावत बसत नाही. मी अडकलोय तो तुझ्या मेलमधल्या दुसऱ्याच वाक्याशी, जे तू सहज लिहून गेलीस: 'मी आत जाऊन बॅग ठेवली, तेवढ्यात तो वळला.' म्हणजे तू विचारलं नाहीस.

दाराशी थांबायचं. ओळखपत्र, लायसन्स, मेडिकल हातात धरायचं. नाव सांगायचं, कंपनी सांगायची, आणि विचारायचं, 'कॅप्टन, तुमच्याबरोबर येऊ का?' ते हो म्हणाले की मगच आत पाऊल टाकायचं. कॉकपिटमध्ये चेकलिस्ट चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. एवढंच आहे, आणि यात मी कणभरही सूट देणार नाही.

तुला हा जुन्या लोकांचा मानपान वाटतो, हे मला माहीत आहे. तो मानपान नाही. 7 एप्रिल 1994 ला मेम्फिसहून सुटलेल्या फेडेक्स 705 या मालवाहू विमानात जो माणूस जंपसीटवर फुकट प्रवासाला बसला, तो त्याच कंपनीचा फ्लाइट इंजिनियर होता. ओळखपत्र खरं, नोकरी चालू. गिटारच्या पेटीत हातोडे आणि मासे मारायची बंदूक. तिघा क्रूची डोकी फुटली, तशाच अवस्थेत त्यांनी ते डीसी-10 परत मेम्फिसला उतरवलं, पण पुन्हा व्यावसायिक उड्डाण तिघांपैकी एकालाही करता आलं नाही. त्या दिवशी कॅस असतं तर कॅसनेही त्याला मंजुरीच दिली असती. 22 ऑक्टोबर 2023 ला एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एम्ब्रेयर 175 मध्येही तेच. जंपसीटवरच्या सुट्टीवरल्या वैमानिकाने दोन्ही इंजिनांच्या फायर हँडलना, म्हणजे ओढले की इंजिन बंद करणाऱ्या दांड्यांना, हात घातला. तोही नोकरीत होता, त्याचीही ओळख पक्की होती.

मशीन फक्त एवढंच सांगतं की ही व्यक्ती अमुक कंपनीत आज नोकरीत आहे. आणि तेवढं तरी नक्की सांगतं का? 2024 मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की छोट्या कंपन्यांसाठी कॅसची नोंद ठेवणाऱ्या एका वेबसाइटच्या लॉगिनमध्ये साधी फट होती आणि तिथून बनावट कर्मचारी यादीत घालता येत होता. तू कशी आहेस, झोपली आहेस का, हात थरथरताहेत का, हे कुठलाच पडदा दाखवत नाही. ते कॅप्टनला बघावं लागतं, आणि त्याला बघायला मिळतात तू दाराशी उभी असतानाचे काही क्षण. तू थेट आत गेलीस की ते क्षण तू त्याच्याकडून काढून घेतलेस. 2023 मधल्या त्या माणसाशीही क्रू नीट बोलला होता आणि कुणाला काही कळलं नाही, असं तू म्हणशील. मान्य. तरीही दाराशी थांबून विचार.

आता तुझ्या खऱ्या शंकेकडे येतो, जी तू मसुद्याच्या तळाशी अर्ध्या ओळीत लिहिलीस. त्याने आडनाव वाचून नकार दिला का?

मला माहीत नाही. पण ही शंका म्हणजे तुझ्या मनाचे खेळ, असं मी कधीच म्हणणार नाही. सप्टेंबर 2001 नंतर दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमधली जागा आपल्याला बंद झाली, केबिनमध्ये रिकामी सीट मिळाली तर मिळाली. मग कॅस आलं आणि दार पुन्हा उघडलं. त्या सगळ्या काळात माझं ओळखपत्र उलटंसुलटं करून बघितलं जायचं, फोटोवरून चेहऱ्याकडे, चेहऱ्यावरून परत फोटोकडे. माझ्या मागे उभ्या असलेल्या गोऱ्या सहकाऱ्याचं एकदा बघून परत द्यायचे. मी गिळलं. दर वेळी दाराशी थांबलो, विचारलं, आणि नकार आला तर 'थँक यू, कॅप्टन' म्हणून परत फिरलो. त्यामुळे एक झालं. नकार देणाऱ्याकडे माझ्या वागण्याचं निमित्त कधीच उरलं नाही. तू बॅग आत ठेवून त्याला ते निमित्त दिलंस, आणि याचा मला राग आहे, पोरी. तुझ्यावर कमी, पण आहे.

पुढे मी स्वतः कॅप्टन झालो तेव्हा दुसऱ्या कंपनीचा एक माणूस, माझ्याहून सीनियर, आमची चेकलिस्ट चालू असताना आत आला, सीट उघडली आणि पट्टा लावून मोकळा. मी त्याला उतरवलं. त्याची ड्युटी चुकली. चीफ पायलटने बोलावून घेतलं, म्हणाले, एवढं ताणायची काय गरज होती? क्रू रूममध्ये कितीतरी दिवस लोक माझ्याशी तुटक बोलायचे. मी जुना सूड उगवला असंही कुणी म्हणालं. तो सूड नव्हता. जो नियम मी बाहेर उभा राहून पाळला, तोच आत बसून पाळायला लावला. आज तो माणूस पुन्हा आला तर पुन्हा उतरवीन.

खंत आहे ती दुसरीच. बेसच्या गावी, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते तिथे, बिऱ्हाड हलवायचं दर वर्षी ठरायचं आणि राहून जायचं, घरच्या कितीतरी संध्याकाळी अशा गेटवर ताटकळण्यात गेल्या. तुझं वय आहे, तू हलू शकतेस. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ पडलेल्या कोल्गन 3407 या विमानाची को-पायलट आदल्या रात्रभर सिएटलहून मेम्फिसमार्गे, मालवाहू विमानांतून प्रवास करून त्याच दिवशी सकाळी नेवार्कला पोचली होती. 50 माणसं गेली. जंपसीट कामावर पोचवते, विश्रांती देत नाही.

ओळखपत्राचं थोडक्यात. गाडीच्या आरशाला अडकवून ठेवतेस ते बंद कर. 1987 मध्ये पीएसए 1771 या विमानात नोकरीतून काढलेला एक माणूस, परत न घेतलेल्या ओळखपत्रावर तपासणी चुकवून रिव्हॉल्व्हरसह चढला. 43 जण मेले. तेव्हापासून नोकरी गेली की कार्ड लगेच काढून घेतात. आणि क्रूच्या रांगेत अचानक तुझीच झडती निघाली तर तोंड वाकडं करू नकोस. 2016 मध्ये लॉस एंजेलिसला अशाच झडतीसाठी निवडलेली एक हवाईसुंदरी बॅग टाकून, चपला काढून पळाली. बॅगेत कोकेन होतं.

मसुद्यातून 'माझा हक्क' हे शब्द काढ. आडनावाबद्दल त्याने काही बोललं असेल, एजंटने काही ऐकलं असेल, तर तारीख, फ्लाइट नंबर आणि नेमके शब्द लिहून युनियनच्या जंपसीट समितीकडे वेगळा कागद दे. त्यावर माझी सही लागली तरी मी करीन. तसं काही घडलं नसेल तर पाठवू नकोस. गुरुवारच्या ड्युटीला बुधवारी दुपारच्या विमानाने निघ, मागे अजून दोन विमानं राहतील असं बघ. आणि त्या तिन्ही विमानांच्या दाराशी थांबून विचार.

तुझा,
काका