विंडोज 10 व्यवस्थित चालतंय, मग 11 वर कधी जावं?

तुम्ही लिहिलंय की आठव्या जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर आहे, 8 जीबी रॅम आहे, विंडोज 10 झकास चालतंय, बँकेचं कामही त्याच्यावरच होतं आणि 11 चा मेसेज सारखा येतोय, तर करावं का थांबावं. मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचं बघतो, दुकानातली चार मशीनं पण माझ्याच गळ्यात आहेत, म्हणून अनुभवावरनं सांगतो.

नवीन आलंय म्हणून घाई करायची नाही. जुन्याचे सिक्युरिटी अपडेट कधी बंद होणार ती तारीख बघायची आणि त्याच्या आत आपल्या धंद्यातला मंदीचा आठवडा धरून काम उरकायचं. विंडोज 10 ची ती तारीख 14 ऑक्टोबर 2025 होती, म्हणजे ती गेली. ईएसयू म्हणून जादाचे अपडेट घरच्या मशीनला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, त्यासाठी 22एच2 व्हर्जन लागतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करावं लागतं. तुम्ही ते घेतलं नसेल तर आज तुमचं मशीन उघडं आहे, आणि त्याच्यावरच तुम्ही बँकेचं बघताय, म्हणून मला तुमची काळजी वाटते.

लोक इथं एक गल्लत करतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात ते सिक्युरिटी अपडेट वेगळे आणि 10 वरून 11 वर जाणं वेगळं. पहिल्याला उशीर करायचाच नाही. 2017 ला वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं जगभर मशीनं लॉक केली ना, तो ज्या भोकातनं घुसला ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता आणि हल्ला झाला 12 मेला, दोन महिने लोकांनी नुसतं "नंतर करू" केलं. व्हर्जन बदलायला मात्र सपोर्ट किंवा ईएसयू चालू असेपर्यंत खुशाल वेळ घ्या.

वेळ घ्या असं का म्हणतो ते सांगतो. 2022 च्या मार्चमध्ये, हळदीचे सौदे जोरात असताना, मी रात्री एका मशीनवर 11 टाकलं. सकाळी सौदा झाला, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, काउंटरला उभे आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर गप्प, यूएसबीला लावायची जुनी पॅरलल केबल होती तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, तेच चालेना. दिवसभर कार्बन घालून हातानं पट्ट्या लिहिल्या, एक काका तर गाडी चुकली म्हणून संध्याकाळपर्यंत बसून होते, ते अजून मनाला लागतं. नशीब, दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन "गो बॅक" करता येतं, ते केलं आणि पावसाळ्यात यार्ड थंड झाल्यावर दुसरी केबल आणून परत 11 टाकलं, तेव्हा काही अडलं नाही.

त्यामुळं तुमच्याकडं जे जुनं आहे ते आधी तपासा, म्हणजे प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली). डेटाची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसती घेतली म्हणून भागत नाही. जीएसटीच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास आणि मार्चएंडला हात लावू नका, 21 नंतरचा शनिवार बरा. मशीन 11 ला चालेल का ते तपासणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक अ‍ॅपनं टीपीएम (11 ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही म्हणून सांगितलं तर घाबरू नका, बऱ्याच वेळा बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, ते बंद असतं, इंटेलला पीटीटी नावानं सापडतं, चालू केलं की झालं. हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा, नाहीतर 11 रखडत चालेल आणि तुम्ही विंडोजला शिव्या द्याल.

अपग्रेड झाल्यावर डिस्क क्लीनअप करून जुनं विंडोज उडवू नका, ते गेलं की परत फिरता येत नाही. त्या दहा दिवसांत रोजचं प्रत्येक काम एकदा तरी करून बघा, प्रिंट काढा, टोकन लावून सही करा. प्रिंटर आणि टोकन कुठलं आहे ते कमेंटमध्ये टाका, ड्रायव्हर आहे का बघून सांगतो.