समाजाचं जास्त नुकसान कोण करतं: राज्यव्यवस्था की धर्म?

नुसती मेलेली माणसं मोजायची, तर माझं उत्तर राज्यव्यवस्था.

चीनमध्ये माओच्या कम्युनिस्ट राजवटीत १९५८ नंतर गावोगावचे अधिकारी भीतीपोटी पिकाचे फुगवलेले आकडे वर कळवत. त्या आकड्यांवर सरकार धान्य उचलून नेई आणि पिकवणाराच उपाशी राही. १९६२ पर्यंत कोट्यवधी माणसं गेली. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ ते १९७९ या काळात देशाची जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या संपवली. दोन्ही राजवटी धर्मविरोधी होत्या. सैन्य, तुरुंग आणि धान्याची कोठारं एकाच हातात आली आणि जाब विचारणारा कोणी उरला नाही, की हे घडतं.

म्हणून धर्म निर्दोष ठरत नाही. १५७२ मध्ये पॅरिसमधल्या कॅथलिक जमावाने आपल्याच शहरातल्या प्रोटेस्टंटांची कत्तल केली. शिवाय धर्माच्या नावाने होणारं एक नुकसान कुठल्याच मोजदादीत येत नाही. जन्मावरून माणसाला हलकं ठरवणं, बाईला दुय्यम मानणं. राजवट पडली तरी हे घराघरात चालूच राहतं, आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाही ते योग्य वाटू लागतं. मला हे फार खुपतं.

बरं, 'धर्मयुद्ध' म्हणतो तेही नीट तपासावं. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध (१६१८ ते १६४८) कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून पेटलं. त्यात कॅथलिक फ्रान्स उतरला तो प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने, कारण त्याला ऑस्ट्रिया आणि स्पेनवर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग या कॅथलिक घराण्याची ताकद मोडायची होती.