रेडिएटरपुढची जाळी: घरी केलेली की बाजारातली?

प्रश्न: माझ्याकडे पाच वर्षे वापरलेली हॅचबॅक आहे आणि कामानिमित्त कुंभार्ली घाटातून कराड ते चिपळूण अशी नेहमी ये-जा असते. गेल्या पावसाळ्यानंतर रस्ता जागोजागी उखडलेला असताना पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेल्या खडीने एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर फुटला आणि तो बदलावा लागला. पुन्हा तसे होऊ नये म्हणून बंपरच्या आत जाळी बसवण्याचा विचार आहे. आमचा मेकॅनिक हार्डवेअरच्या दुकानातली जाळी कापून बसवून देतो म्हणतो, शेजाऱ्यांच्या मते खिडकीची डासांची जाळी पुरेशी आहे आणि ऑनलाइन तयार जाळ्याही दिसतात. यातले काय निवडावे? (कराड येथील वाचक)

उत्तर: जाळी घरी केलेली की विकत घेतलेली, यापेक्षा तिचे छिद्र किती मिलिमीटरचे, तार किती जाड आणि ती कोठे बसवली आहे, या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. आपल्या प्रश्नात या तिन्हींचा उल्लेख नाही, आणि जाळ्या विकणारेही बहुधा तो करत नाहीत.

पहिल्यांदा टॉर्च घेऊन गाडीच्या तोंडात डोकावून पाहावे. आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये वरची ग्रिल बरीचशी शोभेची असते आणि तिच्यामागे बंद प्लास्टिक असते; हवा, आणि तिच्याबरोबर खडीही, मुख्यतः बंपरच्या खालच्या मोकळ्या भागातून आत येते. त्या भागामागे आधी एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामागे रेडिएटर अशी रचना असल्यामुळे दगडाचा मार पहिल्यांदा कंडेन्सरला बसतो, आणि त्याच्या चपट्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. म्हणजे आपण तिला रेडिएटरची जाळी म्हणत असलो तरी प्रत्यक्षात ती कंडेन्सरसाठी बसवायची आहे, आणि बहुतेक गाड्यांत ती फक्त खालच्या भागात बसवली तरी भागते.

आता छिद्राचा विचार करू. बांधकामाची आणि डांबरी रस्त्याची खडी साधारणपणे 10 आणि 20 मिलिमीटर मापाची असते, तर वरच्या थराची बारीक चुरी 6 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असते. खड्याचा व्यास निम्मा झाला की त्याचे वजन आठव्या हिश्श्यावर येते, त्यामुळे 5 मिलिमीटरचा खडा जाळीतून आत गेला तरी त्याच वेगाच्या 10 मिलिमीटरच्या खड्याच्या मानाने त्याचा तडाखा आठपट कमी असतो. उलट वेग दुप्पट झाला की तडाख्याची ऊर्जा चौपट होते, आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या चाकाने उडवलेल्या खड्यात दोन्ही गाड्यांचे वेग मिळालेले असतात. हे सगळे लक्षात घेता 5 ते 6 मिलिमीटरचे छिद्र आणि 0.8 ते 1 मिलिमीटरची तार हे माप मला योग्य वाटते. त्याहून बारीक जाळी लावून धूळ आणि किडे अडवण्याच्या मोहात पडू नये, कारण जाळीचे काम खडी थोपवण्याचे आहे. धूळ पाण्याने धुता येते.

शेजाऱ्यांची सूचना याच कारणाने नाकारावी लागते. कागदावर ती तितकी वाईट दिसत नाही. 6 मिलिमीटरचे छिद्र आणि 1 मिलिमीटरची तार असलेल्या विणलेल्या जाळीचा सुमारे 73 टक्के भाग मोकळा असतो, तर इंचाला 16 छिद्रे आणि 0.28 मिलिमीटर तार असलेल्या डासांच्या जाळीचा सुमारे 68 टक्के. पण हवेला अडचण केवळ मोकळ्या जागेच्या टक्केवारीने होत नाही. बारीक तारांच्या दाट विणीतून जाताना हवेचे घर्षण वाढते, आणि पावसाळ्यातल्या एका रात्रीच्या प्रवासात दिव्यांकडे झेपावणाऱ्या किड्यांनी व चिखलाच्या तुषारांनी तिची दीड मिलिमीटरहून लहान छिद्रे भरू लागतात. ऊसतोडणीच्या दिवसांत आपल्याच भागात ट्रॉलीतून उडणारे पाचट तिच्यावर कसे चिकटून बसेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय ती फायबरची असेल तर खडीने फाटते, म्हणजे हवा अडते आणि दगड मात्र आत जातो.

हवा अडण्याचा खरा त्रास महामार्गावर जाणवत नाही, कारण तिथे वेगामुळेच भरपूर हवा आत रेटली जाते. कुंभार्लीसारख्या घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून चढते, तेव्हा इंजिनावर जास्तीत जास्त भार असतो, वेग अगदी कमी असतो आणि हवा ओढण्याचे जवळजवळ सगळे काम एकट्या फॅनवर येऊन पडते. जाळीची परीक्षा तिथे घ्यावी. मेकॅनिककडे ओबीडीच्या, म्हणजे गाडीतले दोष तपासण्यासाठी दिलेल्या, सॉकेटला लावायचे छोटे रीडर असते. त्यावर कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान जाळीविना आणि जाळीसह, त्याच चढावर, शक्य तितक्या सारख्या हवेत पाहून घ्यावे. दोन-तीन अंशांचा फरक चालेल, पण फॅन पूर्ण वेगाने फिरत असतानाही आकडा चढतच राहिला तर ती जाळी काढावी.

आता तयार आणि घरगुती यांतली निवड. बाजारात दोन निराळ्या वस्तू एकाच नावाखाली मिळतात. एक म्हणजे गाडीच्या विशिष्ट मॉडेलसाठी चौकटीसह बनवलेली जाळी, जी बंपरच्या भोकांत खाचांनी किंवा क्लिपांनी बसते, आणि दुसरी म्हणजे कोणत्याही गाडीसाठी म्हणून विकला जाणारा काळ्या रंगाचा ॲल्युमिनियमचा जाळीदार पत्रा. दुसऱ्या प्रकारासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही, कारण तो आणून कापायचा आणि बांधायचा आपल्यालाच आहे. तेच काम हार्डवेअरच्या दुकानातल्या जाळीने होते. पहिला प्रकार आपल्या मॉडेलसाठी मिळत असेल आणि विक्रेता छिद्राचे माप सांगत असेल तर तो अवश्य घ्यावा. त्यात आपण जाळीपेक्षा चौकटीचे, म्हणजे ती न खडखडता आणि धुण्यासाठी सहज निघेल अशी बसण्याचे, पैसे देत असतो. ते मिळत नसेल तर आपल्या मेकॅनिकचा मार्ग योग्य आहे, पण त्याला काही अटी आधी सांगून ठेवाव्यात.

जाळी बंपरच्या प्लास्टिकला आतून बांधावी, कंडेन्सरला किंवा त्याच्या फिन्सना, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांना, टेकू देऊ नये. दोन्हींमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर अंतर असले म्हणजे दगडाने जाळी आत दबली तरी नळीपर्यंत पोहोचत नाही. कापलेल्या कडा दुमडून घ्याव्यात किंवा त्यांवर रबरी पट्टी चढवावी, नाहीतर कंपनाने त्या पाइप आणि वायरी घासतात. बांधण्यासाठी उन्हाने न तडकणारे काळे प्लास्टिकचे टाय वापरावेत. तारेने बांधलेली जाळी धुण्यासाठी काढायची म्हटली की नको वाटते आणि मग ती वर्षभर तशीच राहते. गाडीत पुढच्या अंतराचा अंदाज घेणारे रडार असेल तर त्याच्यासमोर धातूची जाळी अजिबात येऊ देऊ नये, आणि ग्रिलमागे आपोआप उघडमीट होणाऱ्या पट्ट्या असतील तर त्यांच्या हालचालीत ती अडकणार नाही हे पाहावे. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी विचारून घेतलेले बरे. बंपरपुढे लोखंडी गार्ड लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र मानू नये. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या आहेत, आणि त्याच्या नळ्यांमधल्या रुंद फटींतून खडी तशीही सुखाने आत जाते.

प्रश्न: आम्ही समुद्रापासून अगदी जवळ राहतो. जाळी स्टेनलेस स्टीलची घ्यावी की ॲल्युमिनियमची? साधी जाळी इथे लवकर गंजते. (मालवण येथील वाचक)

उत्तर: खारट दमट हवेत जाळी स्वतः गंजेल की नाही एवढाच प्रश्न नसतो. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यात मिठाचे पाणी आले की त्यांतले ॲल्युमिनियम झिजते, आणि आपल्या गाडीत ॲल्युमिनियमचा म्हणजे कंडेन्सर. जाळी चकचकीत राहावी आणि जिच्यासाठी ती बसवली तीच वस्तू खाल्ली जावी, असा तो उलटा व्यवहार होतो. म्हणून स्टीलची जाळी घेतली तर ती फक्त प्लास्टिकला बांधलेली आणि कंडेन्सरपासून पूर्ण सुटी असावी. 316 प्रतीचे स्टील मिळाले तर ते 304 पेक्षा खाऱ्या हवेत अधिक टिकते. पावडर कोटिंग केलेली ॲल्युमिनियमची जाळी माझ्या मते आपल्यासाठी अधिक निर्धास्त आहे, फक्त ती मऊ असल्यामुळे जाडीत काटकसर करू नये. जस्ताचा थर दिलेली लोखंडी जाळी कापल्यावर तिची टोके उघडी पडतात आणि गंज तिथूनच सुरू होतो, तेव्हा ती वापरायचीच असेल तर कापून झाल्यावर रंगवावी. तांब्या-पितळेची जाळी दिसायला सुंदर असली तरी ॲल्युमिनियमच्या जवळपासही आणू नये.

प्रश्न: मार्चमध्ये जाळी बसवली. आता सिग्नलला थांबल्यावर एसी थंड करत नाही, गाडी चालू लागली की पुन्हा ठीक होतो. तापमानाचा काटा मात्र मध्यभागी स्थिर आहे, म्हणजे जाळीचा दोष नसावा ना? (नागपूर येथील वाचक)

उत्तर: काट्यावर विसंबू नये. अनेक गाड्यांत कूलंटचे तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात वरखाली झाले तरी काटा मधोमधच राहील अशी योजना केलेली असते. हवा कमी पडल्याची तक्रार पहिल्यांदा एसी करतो, याचे कारण सरळ आहे. कूलंट सुमारे 90 अंशांवर असते, म्हणून बाहेर 45 अंश असले तरी रेडिएटरला उष्णता टाकायला 45 अंशांचा फरक मिळतो. कंडेन्सरमधला वायू मात्र 60 ते 65 अंशांच्या आसपास द्रव होत असल्यामुळे त्याच्या वाट्याला केवळ 15-20 अंश येतात. तेवढ्यात हवाही कमी झाली की गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर वारंवार बंद पडू लागतो.

जाळी काढून दुपारच्या त्याच वेळी गाडी उभी करून एसी पाहावा. थंडावा परत आला तर छिद्र फार बारीक आहे किंवा जाळी भरली आहे. फरक पडला नाही तर फॅन, गॅसचे प्रमाण आणि कंडेन्सरवर साचलेला कापसाचा व धुळीचा थर तपासून घ्यावा. तो धुताना वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारू देऊ नये, कारण त्याने फिन्स आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. इंजिन गार झाल्यावर कंडेन्सरवर साध्या नळीचे पाणी शक्य असेल तर आतल्या बाजूने बाहेर सोडावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी 6 मिलिमीटरहून मोठ्या, 8 ते 10 मिलिमीटर छिद्रांची जाळी घेतली तरी चालेल, आणि एप्रिल-मेमध्ये गाडी मुख्यतः शहरातच फिरत असेल तर त्या दोन महिन्यांत ती काढून ठेवायला काहीच हरकत नाही.